भाव उतरेपर्यंत

मैसुरात भर एप्रिलच्या दुपारी खांद्यावर जाडजूड रजई टाकून सिटी बसमधून उतरणारा माणूस दिसला, तर त्याला वेडा समजू नका. ते आमचे घरमालक असण्याची शक्यता आहे. मीही पहिल्यांदा त्यांना असंच पाहिलं. कुवेंपुनगरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला आम्ही दोघं नवराबायको फाटकाशी घामाने निथळत उभे होतो आणि समोरून हे आले. खांद्यावर रजई, हातावर दोन लोकरीचे स्वेटर आणि हात मोकळा राहावा म्हणून डोक्यावर चढवलेली माकडटोपी.

"घर बघाया आलात? या, या. स्वल्प ही रजई धरा बघू," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले आणि किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले. नवऱ्याने रजई धरली. पुढे आम्ही तिथे राहिलो तेवढी सगळी वर्षं त्यांचं काही ना काही धरतच होतो.

मी त्यांना काका म्हणायचे. गल्ली त्यांना 'राव' म्हणायची, कारण मैसुरात जुन्या मराठी घरातल्या माणसाचं आडनाव काहीही असो, लोकांच्या लेखी तो रावच. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, सडसडीत. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत इतकं कन्नड मिसळलेलं असे की सांगलीहून नुकत्याच आलेल्या मला पहिला महिना नुसतं हसून वेळ मारून न्यावी लागली. त्यांच्या बायकोला सगळेच अक्का म्हणत. अक्का कमी बोलायच्या आणि त्यामुळे त्यांचं सगळं कळायचं.

काकांचं आयुष्यभराचं एकच शास्त्र होतं. जी वस्तू आज लागते ती आज घ्यायची नाही. "लागतंय म्हणून घेतो तो गिऱ्हाईक," ते बोट उगारून सांगायचे. "लागत नसताना घेतो तो मालक. दुकानदार कुणाला भितो? मालकाला." म्हणून त्यांच्या घरी पंखे डिसेंबरात यायचे आणि गीझर उन्हाळा लागला की. मार्च संपत आला, दुकानांतून लोकरीचे कपडे आवरायला घेतले की काका सकाळची कॉफी उभ्या उभ्याच पिऊन निघायचे. गरम कपड्यांचे दुकानदार त्यांना ओळखून होते. ते पायरी चढताना दिसले की नोकर न सांगताच वरच्या फळीवरचे गठ्ठे खाली काढायला लागत. मग काका पंख्याखाली बसून, गळ्याशी घाम पुसत, एकेक स्वेटर अंगात घालून बघायचे.

हे शास्त्र घराण्यातूनच आलंय, असा त्यांचा दावा होता. "आमचे पणजे म्हाराजांच्या घोडदळात होते. घोडा कवा घेतला म्हाइत हाय? लढाई नसताना. लढाई लागली की घोड्याचा रेट चढतो, सगळे घोडा घ्यायला पळतात. पणज्यांचा घोडा तवर खाऊनपिऊन तयार!"

"मग त्या घोड्यावरून कुठली लढाई लढले?" माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं.

"लढाई कुठं झाली? झालीच न्हाई," काका म्हणाले. "पण घोडा स्वस्तात मिळाला ना!"

दरवेळी सगळं जमायचंच असं नाही. एका दिवाळीनंतर त्यांनी पुढच्या वर्षाचे फटाके निम्म्या किमतीत आणून माळ्यावर ठेवले. वर्षभरात फटाक्यांनी माळ्यावरची सगळी ओल पिऊन घेतली. पुढच्या दिवाळीत गल्ली जमवून काकांनी पहिला बाण लावला, तो बाटलीतून निघून शेजारच्या नारळापर्यंतसुद्धा गेला नाही. तिथेच बाटलीच्या तोंडाशी फुसफुसून विझला. पोरं हसून लोळली. काका शांतपणे म्हणाले, "आवाज न्हाई, धूर न्हाई. आरोग्याला चांगलं." आणि उरलेले फटाके त्यांनी परत माळ्यावर ठेवले.

आंब्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी माझं भांडण होतं. मला पाडव्याला आंबा लागतो. आमच्याकडचा हापूस मैसुरात बदामी या नावाने मिळतो, आणि पाडव्याच्या आसपास त्याचा भाव विचारायचीही सोय नसते. तरी मी पहिल्याच वर्षी पिशवीत लपवून डझनभर आणले आणि चोरासारखी जिना चढायला लागले. काका व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. "वास येतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे इतक्या दुःखाने बघितलं की घरात कुणी आजारी पडलंय की काय असं मला वाटलं. "पोरी, पहिला आंबा दुकानदाराचा. मधला आंबा लोकांचा. शेवटचा आंबा आपला. सुम्ने, उगाच पैसे घालवतेस."

मी फोड पुढे केली, पण त्यांनी तोंडात घातली नाही. अक्का मात्र संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर आल्या, जिन्यातच उभ्या राहून त्यांनी आख्खा आंबा खाल्ला आणि खाली जाण्याआधी माझ्या बेसिनवर साबणाने हात धुतले. मे संपताना, पावसाची एक सर पडून गेली की काका टोपलीभर आंबे आणायचे. त्यातले काही आतून किडके निघायचे. ते किडका भाग चाकूने हलकेच काढून टाकून उरलेला आम्हाला वाटायचे. खोटं कशाला बोलू, ते आंबे गोड असायचे.

मोगऱ्याचंही तसंच. मैसुरातल्या बायका सकाळी कळ्यांचा गजरा घेतात, म्हणजे तो दिवसभर उमलत राहतो. काका देवराज मार्केट बंद व्हायच्या वेळी जायचे, कारण फुलवाल्याला तेव्हा घरी जायची घाई असते. "लग्न झाल्यापासून माझ्या डोक्यात फूल आलं ते उमललेलंच," अक्का एकदा गजरा माळता माळता मला म्हणाल्या. "कळी म्हणून कधी आली न्हाई." त्यांनी तक्रार केली नव्हती. हसतच म्हणाल्या होत्या, म्हणून मला जास्त लागलं.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन मेलबर्नला राहायची. एका एप्रिलमध्ये तिच्या फोनवरून काकांना शोध लागला की तिकडे आता थंडी सुरू होते. ते जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. "पोरी, सगळं उलटं हाय तिथं! इथं स्वेटरचा रेट पडतो तवाच तिथं स्वेटर लागतो!" एवढा आनंद त्यांना मुलीच्या लग्नात तरी झाला होता की नाही, देव जाणे. त्यांनी एक गठ्ठा स्वेटर घेतले आणि कुरिअरने पाठवले. कुरिअरला स्वेटरांपेक्षा जास्त पैसे पडले. ती गोष्ट घरात काढायची नाही, असं अक्कांनी मला खुणेने सांगितलं.

गेल्या वर्षी हीच मुलगी गरोदर होती. जूनच्या सुरुवातीची तारीख होती. आधी एकदा निसटलं होतं, त्यामुळे ती फार घाबरलेली. फोनवर बोलता बोलता रडायची आणि मग "काही नाही अम्मा, सर्दी झालीय" म्हणायची. अक्कांनी मनाशी ठरवलं होतं की मेच्या मध्यापर्यंत तिकडे पोचायचं. व्हिसा झाला. गुडघे दुखत असतानाही त्यांनी डिंकाचे लाडू वळायला घेतले, जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवली. फक्त तिकीट राहिलं होतं.

तिकिटाचं काम माझ्याकडे, कारण मी घरूनच काम करते आणि कॉम्प्युटर दिवसभर उघडा असतो. मार्चमध्ये काका वर आले, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि दोघांच्या तिकिटाचा भाव बघायला लावला. मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

"आता न्हाई. इळियुत्ते. उतरेल."

"काका, सुट्ट्या लागल्या की वाढेल."

"तिथं आता थंडी येते ना? थंडीत कोण जाईल? विमान रिकामं जातंय बघ."

थंडी तिकडे असली तरी शाळांच्या सुट्ट्या इकडे होत्या, आणि आपल्या मुलाबाळांकडे जाणारी अर्धी आईबापं त्याच महिन्यात निघतात, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. रोज संध्याकाळी ते वर यायचे. भाव रोज थोडा वर गेलेला असायचा. रोज ते तेच म्हणायचे, फक्त आवाज जरा खाली आलेला असे. पेन्शन चांगली होती, पैशांची तंगी अजिबात नव्हती. पण इतक्या वर्षांत बाजारापुढे त्यांनी कधी हार मानली नव्हती, आणि आता या वयात, या एवढ्याशा स्क्रीनसमोर हरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मला त्यांचा राग यायचा. खाली अक्का कढईत डिंक तळत असायच्या, तो तडतडलेला ऐकू यायचा, आणि काका माझ्या शेजारी बसून हवेत बोटाने उतरत्या पायऱ्या काढून दाखवायचे.

एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, बाळ काही भाव बघून येणार नाही."

"पोरी, दोन दिस थांब. फक्त दोन दिस."

ते दोन दिवस एप्रिलच्या शेवटापर्यंत चालले.

अक्षय्य तृतीयेला सकाळी अक्का वर आल्या. ठेवणीतली साडी नेसलेल्या, हातात पर्स. "ऑफिसला रजा सांग आणि चल माझ्यासंगं," एवढंच म्हणाल्या. रिक्षा सराफाच्या दुकानापाशी थांबली. दाराला आंब्याच्या डहाळ्या, आत पाय ठेवायला जागा नाही. निम्मं शहर गुंजभर तरी सोनं घेण्यासाठी लोटलेलं. मला वाटलं, नातवंडासाठी काही घ्यायचं असेल. आमची पाळी आल्यावर अक्कांनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून चार बांगड्या काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. त्यांच्या आईच्या बांगड्या होत्या त्या.

"विकायच्यात," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

काउंटरवरचा माणूस बघतच राहिला. आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. लक्ष्मी घरी आणायच्या दिवशी ही बाई लक्ष्मी बाहेर काढायला आली होती. "अम्मा, इवत्ता?" त्याने विचारलं. म्हणजे आज? आजच्या दिवशी?

"हौदु, इवत्ते," अक्का म्हणाल्या. होय, आजच. मग माझ्याकडे वळून, अगदी काकांच्या सुरात, त्या मराठीत म्हणाल्या, "सगळी दुनिया घेतीय त्या दिशी विकायचं. इतकी वर्षं हेच ऐकत आले की मी."

मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आला. आधी आढेवेढे घेतले, घट काढायची भाषा केली. अक्कांनी बांगड्या शांतपणे परत रुमालात गुंडाळायला सुरुवात केली. इतकी सुरेख घासाघीस मी आयुष्यात पाहिलेली नाही. त्या एकही शब्द बोलल्या नाहीत, फक्त रुमालाची एकेक घडी घालत गेल्या. तिसऱ्या घडीला मालकाने भाव मान्य केला.

घरी येऊन त्या सरळ माझ्या खुर्चीशी उभ्या राहिल्या. "माझं एकटीचं काढ."

"काकांना विचारायचं?"

"त्यांना रेट बघू दे," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी काका नेहमीसारखे वर यायला निघाले, तेव्हा अक्कांनी त्यांना व्हरांड्यातच थांबवलं. मी जिन्यात होते, खाली जाऊ की वर या पेचात. "मी चौदा तारखेला जाते," त्या म्हणाल्या. "तिकीट झालं. बांगड्या विकल्या."

 काकांनी सोन्याचा भाव काय मिळाला ते विचारलं. अक्कांनी सांगितला. त्यांचे ओठ हिशेबात हलले, आणि मग ते हळू आवाजात म्हणाले, "चांगला मिळाला." त्या आवाजात अभिमान होता हे मी शपथेवर सांगते. अक्का तिथेच उभ्या राहिल्या. त्या कशाची तरी वाट बघत होत्या, ते मला जिन्यातून दिसत होतं, आणि समोरच उभ्या असलेल्या काकांना दिसत नव्हतं. 'मी पण येतो' एवढे तीन शब्द हवे होते. काका म्हणाले, "तू हो पुढं. मी आषाढात येतो. आषाढात लोक बाहेर पडत न्हाईत, तवा नक्की उतरतंय."

"या," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांना विमानतळाच्या बसमध्ये बसवून काका परतले ते रिकाम्या घरात. मी दोन्ही वेळचा डबा खाली द्यायचे. ते डबा धुऊन, पुसून, स्वतः वर आणून द्यायचे आणि खुर्चीत बसायचे. "बघ गं." मी बघायचे. बाळ तारखेच्या आधीच आलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. काकांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला, आणि तो भर दुकानात, मागेल त्या भावाने घेतला होता. मला वाटलं, आता तिकीटही काढायला लावतील. पण नाही. अक्का फोनवर बाळ दाखवायच्या. झोपलेलं, आंघोळ घातलेलं, पाळण्यात घातलेलं. काका फोन नाकाशी धरून बघायचे आणि मग मला म्हणायचे, "अजून थोडं."

आणि आषाढात भाव खरंच उतरला. बघता बघता निम्म्यावर आला. मी स्वतः वर-खाली तपासून पाहिला. काका उठून उभे राहिले. "बघितलंस? म्हटलं होतं का न्हाई?" ती संध्याकाळ त्यांची होती. तरी आणखी काही दिवस त्यांनी थांबायला लावलंच. आषाढ संपत आला तेव्हा एकदाचे ते विमानात बसले.

दोघं दसऱ्याच्या आधी परत आले. दुसऱ्या दिवशी काका वर आले, जेट लॅगने डोळे सुजलेले. सवयीने त्याच खुर्चीत बसले. मी विचारलं, नात कशी आहे?

"मला बघून रडली," ते म्हणाले. "आठ-पंधरा दिस रडली. अक्काच्या खांद्यावर जायची, तिथून माझ्याकडं बघायची आणि रडायची. नंतर सवय झाली." मग म्हणाले, "पोरी, ती पहिल्यांदा कवा हसली ते अक्कानं सांगितलं मला. झोपेत न्हवे, बघून हसली तो दिवस. मी आठवून बघितलं. त्या दिशी रेट उतरला होता. तू म्हटलीस घेऊ या का, आणि मी म्हटलं, अजून थोडा उतरू दे."

मला तो दिवस आठवत होता.  त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझा सगळा राग तिथेच संपला.

"बरोबर होतो की मी," ते म्हणाले. "रेटचं बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं, काका."

"हं," म्हणून ते जिना उतरून गेले.

आम्ही आता मैसुरातच, हूटगळ्ळीला, स्वतःच्या घरात राहायला गेलो आहोत. पण काका सुधारले वगैरे असं मी लिहिलं तर गल्ली मला हसेल. या एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा फोन आलाच: रेनकोटचा सीझन अजून लांब आहे, दुकानदारांकडे गेल्या वर्षीचा माल पडलाय, तुम्हा दोघांना घ्यायचेत, मार्केटला ये. मी गेले. बाहेर ऊन रणरणत होतं. आत काका पायघोळ निळा रेनकोट घालून, टोपी कानापर्यंत ओढून, आरशासमोर उभे होते आणि दुकानदाराचा जीव खात होते. दुकानदार भावात एक पायरी उतरला. काकांनी नाक मुरडलं. तो अजून उतरला. काका बटणं काढून निघाल्यासारखं करायला लागले, म्हणजे आता शेवटची पायरी, हे मला अनुभवाने कळलं.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. मेलबर्नहून व्हिडिओ कॉल होता. त्यांनी बघितलं, आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "उभी राहतीय! पोरी, धरून न्हवे, तशीच उभी राहतीय!" दुकानदार म्हणत होता, राव, शेवटचं सांगतो, ऐका तर. काकांनी खिशातून हाताला लागल्या त्या नोटा काढून काउंटरवर टाकल्या, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि नेटवर्क नीट मिळावं म्हणून भर उन्हात रस्त्यावर धावले.

दुकानदार नोटा मोजून चपापला आणि उरलेले पैसे घेऊन त्यांच्या मागे निघाला. मी त्याला हात धरून थांबवलं. बाहेर, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, रेनकोट घातलेले काका दोन्ही हातांनी फोन उंच धरून उभे होते आणि त्या फोनला सांगत होते, "बसू नको गं. मी बघतोय. मी इथंच हाय."